पळालेल्या मुलाचं घर कोण दाखवणार?

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पणजीत गळ्यात कार्डं अडकवलेली माणसं दिसू लागली की माझे पाय आपोआप बसस्टँडकडे वळतात. २००४ साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला तो इथलाच झाला, आणि तेव्हापासून मीही त्याची झाले. डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायचे. शनिवार-रविवार आणि उरलीसुरली किरकोळ रजा, सगळं त्या आठ-नऊ दिवसांत खर्ची पडायचं. सकाळची कदंब बस पकडायची, जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात चहा घ्यायचा, आयनॉक्सच्या रांगेत उभं राहायचं आणि दुपारी मांडवीच्या कडेने चालत कला अकादमी गाठायची. इतक्या वर्षांत किती देशांचे सिनेमे पाहिले याची मोजदाद नाही. पण एक मुलगा मला जवळजवळ दरवर्षी भेटत आला. चौदा-पंधरा वर्षांचा, अंगाने सडपातळ, पाठीला सॅक, घरातून पळालेला. देश बदलायचा, भाषा बदलायची, गाडीचा रंग बदलायचा. शेवट मात्र बहुतेक वेळा पाण्यापाशी व्हायचा.

त्या मुलाविषयी मला लिहायचं आहे, आणि त्याहून जास्त, त्याच्यावर सिनेमा करायला निघालेल्या आपल्या तरुण दिग्दर्शकांविषयी. पळून जाणारं मूल त्यांना इतकं जवळचं वाटतं, कारण त्यात त्यांना स्वतःचं पळणं दिसतं. इंजिनिअरिंग सोडून, वडिलांशी भांडून, मुंबईत चौघांत एक खोली घेऊन राहिलेला हा मुलगा किंवा मुलगी. त्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बावीस वर्षांच्या पदवीधराचं घर सोडणं आणि चौदा वर्षांच्या पोराचं घर सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच्या खिशात एटीएम कार्ड असतं, आई चोरून फोन करते, वर्षा-दोन वर्षांनी चतुर्थीला घरी जायची वाट मोकळी असते. दुसऱ्याला ही वाट आहे की नाही हेच माहीत नसतं. दिग्दर्शक स्वतःचं स्वातंत्र्य त्या पोराच्या पाठीवर चढवतो, आणि पोर ज्या घरातून निघालं ते घर कॅमेऱ्यातून निसटतं.

पैशाचा हिशेबही यात आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. हाती पैसा नसताना पहिला सिनेमा करायचा तर रस्ता फुकट मिळतो. सेट नको, नट नको, दिवे नकोत. सूर्य उगवतो आणि मावळतो, त्याला भाडं लागत नाही. नवखा मुलगा चेहरा घेऊन येतो, आणि त्या चेहऱ्यावर जे उमटतं ते नावाजलेल्या नटाला जमत नाही, हेही खरं. शिवाय गोष्टीला आपोआप वेग येतो. घराची गोष्ट सांगायला चार भिंतींत तीच तीन माणसं पुन्हा पुन्हा दाखवावी लागतात. त्याला लेखन लागतं, आणि लेखन सगळ्यांत महाग असतं.

काही वर्षांपूर्वी पणजीत एका प्रदर्शनानंतर दिग्दर्शक मंचावर आला. सिनेमा चांगला होता, मी स्वतः उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या. कुणीतरी विचारलं, मुलगा कुठे सापडला? दिग्दर्शक म्हणाला, एका स्टेशनवर. तो खरोखरच घरातून पळालेला होता, म्हणून त्याला अभिनय शिकवावाच लागला नाही. पुन्हा टाळ्या. मी हात वर केला आणि विचारलं, आता तो कुठे आहे? दिग्दर्शकाने माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. म्हणाला, आमचा संपर्क होता, मध्यंतरी तुटला. मग पुढचा प्रश्न आला, कॅमेरा कोणता वापरला. त्याचं उत्तर सविस्तर आलं.

तो माणूस वाईट होता असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याने त्या मुलाला जेवू घातलं असेल, कपडे दिले असतील, प्रेमही केलं असेल. पण संमतीचं काय? अठरा वर्षांखालच्या मुलाच्या वतीने संमती देतात त्याचे आईवडील. ज्यांच्यापासून ते मूल पळालं, तेच. मग सही घ्यायची कोणाची? आईवडिलांना शोधून त्यांची सही घ्यायची तर मूल कुठे आहे ते त्यांना कळतं, आणि त्यांच्या मारापासूनच ते पळालं असेल तर ते पुन्हा त्यांच्याच हाती जातं. न शोधता घ्यायची तर ती सही कुणाचीच नाही. मुलाची स्वतःची मर्जी म्हणाल, तर तीन दिवस उपाशी असलेलं पोर कोणत्या गोष्टीला नाही म्हणेल?

गोव्यात हा प्रश्न विचारताना माझा आवाज थोडा चढतो, त्याला कारण आहे. १९९१ साली मडगावात फ्रेडी पीट्स नावाच्या माणसाला अटक झाली. तो निराधार मुलांसाठी आश्रम चालवायचा, लोक त्याला परोपकारी समजत होते. त्याच्याकडून मुलांची हजारो अश्लील छायाचित्रं पोलिसांनी जप्त केली. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या प्रकरणाने गोव्याची झोप उडाली. पुढे २००३ साली राज्याने स्वतःचा बाल कायदा केला आणि मुलांवरील गुन्ह्यांसाठी वेगळं न्यायालय नेमलं. त्या कायद्यात फोटो धुऊन देणाऱ्यांवरसुद्धा जबाबदारी टाकली आहे: मुलांची तसली छायाचित्रं हाती आली तर पोलिसांना कळवा. सिनेमावाले आणि पीट्स यांना मी एका ओळीत बसवत नाही, तो घोर अन्याय होईल. पण घर नसलेलं मूल आणि कॅमेरा एकत्र आले की मोठ्या माणसांनी प्रश्न विचारायला हवेत, हे आम्ही फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत. फक्त कलेसाठी म्हणून ते प्रश्न माफ करता येत नाहीत.

कायदा पळालेल्या मुलाकडे कसा बघतो तेही पाहण्यासारखं आहे. गोव्यातलं कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा, आतल्या पानावर दोन ओळींची बातमी असते: अमुक भागातील अल्पवयीन मुलाचे अपहरण, अज्ञाताविरुद्ध गुन्हा नोंद. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काळ्या काचांची गाडी येते. प्रत्यक्षात पुष्कळदा मूल स्वतःच्या पायांनी निघालेलं असतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल बेपत्ता झालं की अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरूनच गुन्हा नोंदवा, आणि ते योग्यच सांगितलं. नाहीतर पोलीस ठाण्यात ‘येईल दोन दिवसांनी’ म्हणून आईबापांना परत पाठवत. बाल न्याय कायदा २०१५ चा, त्यात हरवलेलं किंवा पळून आलेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल मानलं आहे. ते सापडलं की २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, आणि त्या चौकशीच्या संदर्भात त्याचं नाव, शाळा, चेहरा प्रसिद्ध करायचा नाही. करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. म्हणजे कायद्याला तो चेहरा झाकायचा असतो, आणि सिनेमाला मोठ्या पडद्यावर हवा असतो. दोघांच्या मधे ते पोर उभं असतं.

आणि इथे एक मोठी फट आहे. सिनेमात काम करणाऱ्या बालकलाकारांसाठी २०१७ मध्ये नियम झाले. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनी विश्रांती हवी, शाळा बुडता कामा नये, आणि मिळकतीतले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत. चांगले नियम आहेत. पण ते चौदा वर्षांखालच्यांसाठी. चौदा पूर्ण झाली की मूल कायद्याच्या भाषेत किशोर होतं आणि बंदी उरते ती फक्त धोकादायक कामांची. मार्गदर्शक सूचना आहेत, पण सूचना न पाळणाऱ्याला कोण विचारतो? आता पळून जाणाऱ्या मुलांचं वय बघा. चौदा, पंधरा, सोळा, सतरा. या सिनेमांना हवा असलेला चेहरा नेमका याच फटीत बसतो.

माझ्या या म्हणण्यावर एक मित्र नेहमी सांगतो, की असे सिनेमे नसते तर या मुलांकडे कुणी पाहिलंच नसतं. तो ‘सलाम बॉम्बे’चं उदाहरण देतो, आणि ते उदाहरण मला मान्य आहे. १९८८ च्या त्या सिनेमासाठी रस्त्यावरच्या मुलांची कार्यशाळा घेतली गेली, आणि सिनेमानंतर दिग्दर्शिका मीरा नायर यांनी त्याच मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा केला. तो आजही काम करतो. म्हणजे मुलं पडद्यावरून उतरल्यावर त्यांचं काय, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला होता, आणि त्याला उत्तर म्हणून एक संस्था उभी राहिली. तरीही ज्या मुलाने त्यातली मुख्य भूमिका केली, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो पुढे बंगळुरूत रिक्षा चालवत होता. रिक्षा चालवणं कमीपणाचं नाही. पण सर्वांत जागरूक लोकांनी, सर्वांत जास्त मनापासून केलेल्या कामानंतरसुद्धा एवढंच घडवता आलं, तर ‘संपर्क तुटला’ म्हणणाऱ्यांच्या मागे काय उरत असेल?

त्या सिनेमातली दुसरी गोष्ट लोक विसरतात. त्यातल्या पोराला स्वातंत्र्य नको असतं. भावाच्या गाडीचं नुकसान केलं म्हणून आईने बाहेर काढलेलं, पाचशे रुपये घेऊन ये आणि मगच घरी ये, असं बजावलेलं ते पोर. सगळा सिनेमाभर ते पाचशे रुपये जमवत असतं. त्याचा सगळा जीव घराकडे असतो. शिक्षिका म्हणून मला माहीत असलेला पळालेला मुलगा असाच आहे.

फ्रान्सचे त्रुफो यांचा १९५९ चा पहिला सिनेमा, ‘द फोर हंड्रेड ब्लोज’, या सगळ्या प्रकाराचा मूळपुरुष. सुधारगृहातून निसटलेला मुलगा धावत धावत समुद्राशी येतो, वळून आपल्याकडे बघतो आणि चित्र थिजतं. साठ-पासष्ट वर्षं जगभरचे तरुण दिग्दर्शक तो शेवट पुन्हा पुन्हा करत आहेत. पण ते त्याच्या आधीचा दीड तास विसरतात. त्या दीड तासात घर आहे: अरुंद खोली, दारापाशी झोपायची जागा, कचऱ्याची बादली खाली नेऊन ओतणं, आईचं खोटं, सावत्र बापाचे चांगले आणि वाईट दिवस. त्रुफो स्वतः लहानपणी घरातून पळालेले, बालसुधार केंद्रात राहिलेले. त्यांनी स्वतःचंच घर दाखवलं, म्हणून तो समुद्र खरा वाटतो. त्याच सुमारास बंगालमध्ये ऋत्विक घटक यांनी ‘बाडी थेके पालिये’ केला. कडक बापाला कंटाळून खेड्यातला पोरगा कलकत्त्याला पळतो, शहर बघतो आणि घरी परततो. परतल्यावर बाप त्याला वेगळा दिसतो. पळून परत येण्याची गोष्ट सांगण्याचं धैर्य फार थोड्यांना झालं, आणि ते आपल्याच देशातल्या एकाला झालं, याचा मला अभिमान वाटतो.

मराठीत ‘सैराट’ने २०१६ साली हेच वेगळ्या तऱ्हेने केलं. तो काही छोट्या चणीचा सिनेमा नव्हता, पण पळणं म्हणजे शेवट नव्हे हे त्याने लाखो लोकांच्या गळी उतरवलं. मला त्यातली गाणी आठवत नाहीत तेवढा हैदराबादच्या झोपडपट्टीतला भाग आठवतो. पाणी भरणं, शेजारीण, संशय, भांडण, पुन्हा जमणं. पळालेल्या मुलीला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने भाकरी करावी लागते तेव्हा तिला घर म्हणजे काय होतं ते कळतं, आणि घर तिचा कसा पाठलाग करतं तेही.

मुलींची गोष्ट आली म्हणून सांगते. पडद्यावर पळालेला मुलगा एकटा असतो, विचार करत असतो. पळालेल्या मुलीबरोबर मात्र कुणीतरी लागतोच. मुलगी नुसती घर सोडून निघाली, तिला कुणाबरोबर जायचं नव्हतं, फक्त त्या घरात राहायचं नव्हतं, अशी गोष्ट मला फार क्वचित दिसली. वर्गात मात्र अशा मुली होत्या. बारावीनंतर लग्न ठरलं म्हणून मावशीकडे निघून गेलेली एक, भावाच्या मारामुळे दोन रात्री मैत्रिणीच्या माळ्यावर राहिलेली दुसरी. त्यांच्यामागे चाळीस पोलीस आणि शंभर अफवा लागल्या. त्यांचा सिनेमा कुणी केला नाही, कारण त्यात रस्ता नव्हता.

आपल्या मराठी मनाला पळणाऱ्याचं मोठं कौतुक आहे, हे मान्य केलंच पाहिजे. भटजींनी ‘सावधान’ म्हणताच मांडवातून पळालेला बारा वर्षांचा नारायण आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगत आलो. पुढे तो समर्थ रामदास झाला म्हणून सांगत आलो. मांडवात बसून राहिलेल्या त्या मुलीची गोष्ट कुणी सांगत नाही. आमच्या गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली बुद्धाच्या शोधात घराबाहेर पडले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, घरी बायको होती आणि लहान मुलगी होती. त्यांनी ‘निवेदन’ या आत्मकथनात स्वतःच तो प्रवास लिहिला. तेवीस वर्षांचा माणूस स्वतःची गोष्ट स्वतः लिहितो, तेव्हा चूक-बरोबर त्याच्या पदरात पडतं. चौदा वर्षांच्याची गोष्ट दुसरा कुणी सांगतो, तेव्हा ते सांगणाऱ्याच्या पदरात पडायला हवं.

गोव्याला आणखी एक ओझं आहे. सिनेमातली माणसं पळून गोव्याला येतात. खरी मुलंही येतात. बेळगावकडून चोर्ला घाटाने, सावंतवाडी-दोडामार्गाकडून, रेल्वेने आणखी लांबून. त्यांनी गोवा पडद्यावर पाहिलेला असतो. इथे आल्यावर कुणी हॉटेलात बशा विसळतो, कुणी कळंगुटच्या वाळूत माळा विकतो, कुणी शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या खानावळीत, टेबलं पुसतो. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. पावसाच्या तोंडावर शॅक मोडले जातात, बांबू आणि झावळ्या गाडीत चढतात, मालक घरी जातो. मग शॅकवरचं पोर कुठे जातं? सिनेमाचे सगळे चमू इथे येतात ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, उजेड चांगला असतो म्हणून. जून महिन्यातला कळंगुटचा किनारा, गढूळ पाणी, लाल झेंडे आणि कामावरून निघालेला सोळा वर्षांचा मुलगा, हे चित्र मी अजून एकाही सिनेमात पाहिलेलं नाही. समुद्र म्हणजे स्वातंत्र्य हे बाहेरून आलेल्याचं मत. आमच्या रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या, पोराला समुद्र म्हणजे बापाचं कामाचं ठिकाण.

आता ज्या मुलामुळे मी हा विषय सोडू शकत नाही, त्याच्याबद्दल. त्याची ओळख पटेल असं काही सांगणार नाही.

२०१८ सालचा पाऊस सरला होता. रात्री साडेदहाला माझा फोन वाजला. थिवीं स्टेशनवरचा चहावाला बोलत होता. एक पोरगा बाकड्यावर बसला आहे, मुंबईची गाडी आली, थांबली, गेली, तरी हा चढला नाही, आणि आता उठतही नाही. त्याच्या शाळेच्या डायरीत माझा नंबर होता. मी शेजाऱ्यांची गाडी घेऊन गेले. आमच्या नववीच्या वर्गातला मुलगा. दोन्ही हातांनी सॅक छातीशी धरलेली. मला बघून म्हणाला, “टीचर, हांव घरा वचना.” मी घरी जाणार नाही. एवढंच. मी सॅक मागितली, त्याने दिली. आत शाळेचा एक गणवेश, एक टॉवेल, बिस्किटांचा पुडा आणि फोनचा चार्जर. फोन नव्हता.

फोनची गोष्ट नंतर कळली. संध्याकाळी बापाने तो अंगणातल्या ट्रकच्या बंपरवर आपटून फोडला होता. तो ट्रक मी दुसऱ्या दिवशी पाहिला. खाणीवर मालाची ने-आण करणारा टिपर, कर्ज काढून घेतलेला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. आमच्या तालुक्यात त्या वर्षी घरोघरी असे ट्रक उभे होते. यांच्या ट्रकवर ताडपत्री होती, मागची चाकं जमिनीत रुतली होती, खाली कोंबड्या झोपत होत्या. तुळशीकडे जायला ट्रकला वळसा घालून जावं लागे. बाप दिवसभर घरात. कमावता असताना जो माणूस पोराला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा, तो सहा महिन्यांत पोराने दिवा चालू ठेवला म्हणून मारू लागला. पोर पळालं ते मुंबईच्या ओढीने नव्हे. अंगणात उभ्या असलेल्या त्या लोखंडाला वळसा घालून घालून थकलं म्हणून.

त्या रात्री आईबाप स्टेशनवर आले. बापाने हेल्मेट काढलंच नाही, काचेआड त्याचा चेहरा दिसत नव्हता. आईने मुलाच्या दंडाला हात लावला आणि विचारलं, “जेवलो रे?” चहावाल्याने पैसे घेतले नाहीत.

यावर सिनेमा करायचा झाला तर दिग्दर्शक त्या मुलाला गाडीत चढवेल. मला ठाऊक आहे. खिडकीतून वारा येईल, केस उडतील. पण तो चढला नव्हता. तो तिकीट नसताना बाकड्यावर बसून होता आणि समोरून गाडी जाऊ देत होता. त्याला कुणीतरी न्यायला यायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट.

मी सिनेमावाल्यांना हे विषय सोडा असं सांगत नाही. उलट, जास्त करा. पण सरकारचा हात जिथे लागतो तिथे अटी असायला हव्यात. गोव्यात चित्रीकरणाच्या परवानग्या एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा ही सरकारी संस्था देते, राज्य सिनेमांना अर्थसाहाय्यही करतं. मग या राज्यात परवानगी किंवा पैसा घेणाऱ्या प्रत्येक सिनेमाला बालकलाकारांचे नियम अठरा वर्षांपर्यंत लागू करायला काय हरकत आहे? तेच पाच तास, तीच शाळा, तीच मुदत ठेव. आमचा बाल कायदा बालक म्हणजे अठरा वर्षांखालचा असंच मानतो. आणि खरोखर पळालेलं मूल कॅमेऱ्यापुढे उभं करायचं असेल तर आईबापांची सही पुरू नये, बाल कल्याण समितीचं लेखी मत असावं. कागद वाढतील, काही सिनेमे होणार नाहीत, असं म्हणतील. काही होणार नाहीत हे मला मान्य आहे. ते मूल अठरा वर्षांचं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगायला मोकळं राहील, आणि चार वर्षं थांबायची तयारी नसलेल्या दिग्दर्शकाला ती गोष्ट नक्की कशासाठी हवी होती, हे तेव्हा कळेलच. महोत्सवांनीही निवडीच्या अर्जात एक साधा रकाना ठेवावा: सिनेमातलं मूल सध्या कुठे आहे, काय करतं. उत्तर नसेल तर ते तसं लिहावं.

आणि प्रेक्षकांनी, म्हणजे आम्ही रांगेत उभं राहणाऱ्यांनी, कॅमेरा कोणता हे विचारणं थोडं कमी करावं.

दिग्दर्शकांना मात्र माझी एक वेगळी विनंती आहे. पळाल्यानंतरचा तिसरा दिवस दाखवा. पोर घरी आलं, पोलिसांची नोंद मिटली, शेजारी पांगले, त्यानंतरची सकाळ. तिथे वारा नाही, गाडी नाही, समुद्र नाही. तो मुलगा तिसऱ्या दिवशी शाळेत आला. हजेरीत त्याचा क्रमांक सतरा होता. एरवी तो दुसऱ्या बाकावर बसायचा, त्या दिवशी शेवटच्या बाकावर जाऊन बसला. सोळा म्हणून झालं, मी सतरा म्हटलं, तो ‘हजर’ म्हणाला, आणि खिडकीकडच्या रांगेतून कुणीतरी अगदी हळू रेल्वेच्या शिट्टीचा आवाज काढला. पाठोपाठ हसू पसरलं. मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होते. आवाज कुणाचा ते मला कळलं होतं. मी तारीख लिहून पूर्ण केली, खाली वार लिहिला, धड्याचं नाव लिहिलं. मी वळले नाही.